रिकामा डबा

पूर ओसरला आणि चौथ्या दिवशी टोपल्या विणणाऱ्यांच्या बुरूडवाडीत शहरातल्या वसुंधराबाई तांदळाचे डबे आणि एक फोटोवाला घेऊन आल्या. बाई मनाच्या चांगल्या, पण त्यांचा एक नियम होता. प्रत्येकीनं डबा हातात धरून फोटो काढून घ्यायचा, तांदूळ घरात ओतायचे आणि डबा परत आणून द्यायचा.

रांगेत पहिली होती तान्हूबाई. तिनं चिखलानं भरलेलं घर धुऊन काढलं होतं, ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पाहुणे दारी आले म्हणून ती हसली.

"हसू नका हो," वसुंधराबाई म्हणाल्या. "घेणाऱ्याचा चेहरा जरा पडलेला हवा. त्याशिवाय देणाऱ्यांना पाझर कसा फुटणार?"

घरात चार तोंडं उपाशी होती. तान्हूबाईनं निमूट मान खाली घातली, फोटो निघाला. डबा घेऊन ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. माळ्यावर पुरातून वाचलेली चिंच तिनं त्यात काठोकाठ भरली होती.

"आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत जात नाही, ताई. धरा."

वसुंधराबाईंना भरून आलं. त्यांनी हसत हसत दोन्ही हात पुढे केले. तान्हूबाईनं मात्र डबा सोडला नाही. तिनं फोटोवाल्याला हाक मारली.

"दादा, काढा फोटो! आणि ताई, हसू नका. आता घेणाऱ्या तुम्ही आहात."

अख्खी रांग खदखदून हसली आणि फोटोवाल्यानं नेमकी तेव्हाच कळ दाबली.

तो फोटो बुरूडवाडीनं आजही जपून ठेवलाय. त्यात चाळीस बाया हसताहेत, आणि चेहरा पडलाय तो एकटीचाच.