अत्तरवाल्याच्या घराचं छत

"कोणतं तेल लावत होतात तुम्ही?"

पुरातत्त्व खात्याच्या निफाडकरसाहेबांनी झोपडीच्या उंबऱ्यातूनच विचारलं. भैरवगिरी गोसावी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कशाला?"

"छताला. अत्तरवाल्याच्या घराच्या."

अत्तरवाल्याचं घर म्हणजे पेठेतलं निजामशाहीच्या काळचं दुमजली घर. त्याच्या दिवाणखान्याच्या लाकडी छतावर मोर, हत्ती आणि वेली कोरलेल्या. त्या छताखाली गोसावी एकेचाळीस वर्षं राहिले. मग घर संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झालं आणि साहेबांच्या सहीच्या नोटिशीने त्याला पहिलं संरक्षण मिळालं ते गोसाव्यांपासून. ते ओढ्यापलीकडे झोपडी घालून राहू लागले.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. छताला वाळवी लागली होती.

"दोन तुळया पोकळ झाल्यात, बाबा. हात लावला की भुगा पडतो. तीन औषधं फवारून झाली. येत्या पावसाळ्यात छत खाली येणार... आणि मी याच विषयात डॉक्टरेट केली आहे!"

"प्रबंध वाळवीला दाखवलात का?"

साहेब वाकून झोपडीत आले.

"दाखवा. तिला कागदाचीही आवड असते."

गोसाव्यांनी चुलीत एक ओलं लाकूड सरकवलं. झोपडी धुराने भरली. साहेब खोकू लागले, डोळे चोळू लागले.

"अहो, धूर किती हा! खिडकी तरी ठेवायची!"

गोसाव्यांनी पिठाचं बोट वर केलं.

साहेबांनी हात उंचावून वाशाला बोट लावलं. बोट काळं झालं.

"काजळी आहे ही."

"असेल. एकेचाळीस वर्षं मी तेवढंच लावलं."

साहेब बोटाकडे पाहत राहिले...

संरक्षणाचं पहिलं काम म्हणून त्यांनी सहा मजूर लावून ते छत सोड्याने घासून घेतलं होतं. मोरांचे डोळे पुन्हा दिसू लागले, म्हणून वर्तमानपत्रात फोटोही आला होता. मोरांचा लहान, साहेबांचा मोठा.

शेवटी साहेब जमिनीवर मांडी घालून बसले. पँटची इस्त्री त्यांच्या ध्यानात राहिली नाही.

"चुकलं माझं, बाबा. परत चला. पूर्वीसारखे राहा तिथे. परवानगी मी मिळवतो, लेखी."

गोसाव्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"चूल चालेल?"

साहेब खाली पाहू लागले. नियम त्यांना पाठ होते. त्यातले काही त्यांनीच लिहिले होते.

"चूल... नाही चालणार. संरक्षित वास्तूत विस्तवाला मनाई आहे."

"मग वाळवी आहे तीच बरी, साहेब. ती कच्चंच खाते."