पाण्यावर निघालात का?

फार जुनी गोष्ट. तेव्हा रानात रीतच होती, की वाटेत कुणी भेटलं तर दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ओढ्याची वाट साळोबा साळिंदराच्या बिळावरून जायची. तो बाहेर पडला की म्हातारं कासव हमखास विचारायचं, "काय साळोबा, पाण्यावर निघालात का?"

एके दिवशी साळोबाचे सगळे काटे उभे राहिले. "नाही, लग्नाला निघालोय! अहो, डोळ्यांना दिसतं ते विचारता कशाला? आजपासून हे बंद!"

"बरं," कासव म्हणालं. ही बातमी रानभर झाली. आता साळोबा झपझप जायचा, झपझप यायचा. स्वारी मोठी खूश होती.

आठवड्याभरात त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. अंगभर काटे मिरवणाऱ्याने एका काट्यासाठी कुणाला हाक मारायची, म्हणजे अब्रूच गेली! कुणी आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी. म्हणून ससा दिसताच तो जरा जास्तच लंगडला, मोर दिसल्यावर तर कण्हलाही. दोघेही मान खाली घालून निघून गेले.

शेवटी कासव आलं, आणि तेही गुपचूप पुढे चाललं.

"अहो, मी लंगडतोय, दिसत नाही का?" साळोबा ओरडला.

"दिसतंय की. म्हणून तर विचारलं नाही."

साळोबाने अंगावरचे काटे मिटून घेतले. मग हळूच म्हणाला, "काय कासवराव, पाण्यावर निघालात का?"

कासव तिथेच थांबलं. "निघालो होतो. पण ओढा काही पळून जात नाही. आणा तो पाय इकडे."