मृणाल की मृणालिनी?

बारशाला पाळणा राहिला बाजूला, आणि दोन आजोबाच हमरीतुमरीवर आले. अण्णा म्हणत मृणालिनी, व्याही म्हणत मृणाल. पोर कोणाची, भांडतंय कोण! बाळाच्या आईला, मुक्ताला, कोणी विचारलंच नव्हतं. ते बघून अण्णांच्या लेकीचं, सुलभाचं, डोकं फिरलं.

आत्या म्हणून नाव सांगायचा मान तिचा. ती वहिनीशी कुजबुजली आणि पाळण्यात वाकली. ‘कुर्रर्र’ म्हणताच बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यात नाव कोणालाच ऐकू आलं नाही.

“काय ठेवलंस नाव?” अण्णा गरजले.

“ते बाळाच्या कानात सांगायचं असतं, अण्णा, तुमच्या नाही! वहिनीनं सांगितलं तेच ठेवलंय. आजवर तिला विचारलं नाहीत ना? आता विचारा!”

अण्णांना सगळ्यांदेखत सुनेला विचारावंच लागलं.