घटाची माती

हिंगणदरा गावाबाहेर, कुंभाराच्या भट्टीशेजारच्या छपरात श्रीविमलनाथ महाराजांचा त्या वर्षी चातुर्मासाचा मुक्काम होता. भट्टी थंडच होती, भाविकहो, कारण ती पेटवणारा सटवाजी कुंभार खाटेला खिळला होता.

ऐन आषाढात त्याच्या अंगावरून वारे गेले. जीभ वळू लागली, हातही सुधारला. उजवा पाय मात्र मेल्यासारखा पडून राहिला. बायको सगुणाने मायेपोटी काय काय केले! कबुतराच्या रक्ताने पाय चोळला, नवस बोलली, आणि गार लागू नये म्हणून तो पाय जमिनीला टेकूच दिला नाही. बिचारीला काय ठाऊक, की अशाने पाय आणखीच मरतो! सटवाजी आढ्याकडे बघत महाराजांनी गुरू म्हणून दिलेले नाम घेई, पण मनातून तो पार खचला होता.

गावची रीत अशी, की नवरात्रात देवीपुढे बसणाऱ्या घटाची माती कुंभाराने आंघोळ करून स्वतःच्या पायांनी तुडवायची. हा मान सटवाजीच्या घराण्याचा. पितृपंधरवडा लागला, तसे देवीचे मानकरी हणमंतराव देशमुख अंगणात येऊन उभे राहिले.

“सटवा, यंदा घट परगावचा. लुळ्या कुंभाराचा घट देवीला कशाला? आणि हे तुझे महाराज! फुकटची भाकर खातात, तुझा एक पाय हलवता येईना त्यांना?”

सोबतचे हसले. सटवाजीने भिंतीकडे तोंड फिरवले. स्वतःचा अपमान त्याने गिळला असता. गुरूंचा कसा गिळणार?

संध्याकाळी महाराज आले. म्हणाले, “सटवाजी, माती भिजवायला सांग.”

“कोन तुडवनार, महाराज? पाय मेलाय माजा.”

“आम्ही आहोत ना.”

सगुणाने रडत रडत माती भिजवली. सकाळी सटवाजीला आंघोळ घालून महाराजांनी चिखलात उभे केले, त्याचा हात खांद्यावर घेतला आणि नामाच्या ठेक्यावर स्वतः माती तुडवू लागले. सटवाजी कोसळे, महाराज सावरत. “पुरे, देवा!” तो कळवळून म्हणाला. महाराज थांबले नाहीत. आणि काय सांगावे! मेलेल्या पायाच्या बोटांमधून चिखल वर आला, तो त्याला कळला! गार, चिकट, ओळखीचा. पाय उचलला, पडला, पुन्हा उचलला.

सटवाजी आपल्या पायांनी बाहेर आला. वळून पाहतो तर महाराज तिथेच. त्यांचा उजवा पाय चिखलातून निघेना. शेवटी त्यांनी तो हाताने ओढून काढला. सटवाजीचा आनंद जागच्या जागी विझला.

“माजं दुखनं मला परत द्या, महाराज!”

“भोग कुणीतरी भोगायचाच असतो, बाबा. आम्हाला कुठे घट घडवायचाय? तू कामाला लाग.”

घटस्थापनेला सटवाजी डोक्यावर घट घेऊन चालत निघाला. मागून काठीवर भार देत, पाय फरफटत महाराज येत होते. गाव जयजयकार करत होते. सटवाजीच्या डोळ्यांचे पाणी मात्र खळत नव्हते.

देवळाशी देशमुख परगावचा घट घेऊन उभे होते. त्यांनी सटवाजीचे पाय पाहिले, मग महाराजांचा पाय पाहिला. सगळे उमगले, तसा त्यांचा चेहरा उतरला. हातातला घट बाजूला ठेवून त्यांनी भर गर्दीत त्या लुळ्या पायावर डोके टेकले.

“महाराज, हे भोगायचं तर माझ्यासारख्यानं. तुम्ही का?”

महाराज म्हणाले, “उठा, देशमुख. त्याच्या डोक्यावर ओझं आहे, आधी ते उतरवून घ्या.”

देशमुखांनी सटवाजीचा घट दोन्ही हातांनी उतरवून घेतला आणि वाकून देवीपुढे ठेवला. महाराजांचा तो पाय मात्र अखेरपर्यंत सरळ झाला नाही.