पाठ झालेला दाखला

“म्हणजे दीक्षा घ्यायचीच नाही, असं ठरवलंस?” म्हाताऱ्या पाळकबाबांनी, दानिएल पारख्यांनी, विचारलं.

“हो, बाबा.”

आशेर वाघचौरे खाली बघत बोलला. चर्चच्या ओट्यावर दोघंच बसले होते. येत्या रविवारी बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवणार, बाबांच्या जागी तो पाळक होणार, हे सगळं ठरलेलं. मंडळीने मांडवसुद्धा सांगून ठेवला होता. आणि गड्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं.

“कारण?”

“शास्त्र उघडतो आणि आत काही हलत नाही. ओळ सुरू झाली की शेवट आधीच पुढ्यात येतो. सगळं पाठ आहे, बाबा. जे मलाच शिळं लागतं ते लोकांना कोणत्या तोंडाने वाढू?”

खोटं नव्हतं ते. पाठांतरात आशेरचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्याचं त्याला दुःख होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता.

बाबांचे डोळे मोतीबिंदूने गेलेले, म्हणून रोज सकाळी आशेर त्यांना बायबल वाचून दाखवी. आणि हा माणूस ऐकायचा कसा! हयात उपदेश करण्यात गेलेली, तरी मांडी पुढे सरकवून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकायचा. आशेरला त्यांचा हेवा वाटायचा. कुणालाही वाटावा असंच ते ऐकणं होतं.

“बरं,” बाबा म्हणाले. “जायच्या आधी उधळ्या पोराचा दाखला तेवढा ऐकव.”

“वाचू?”

“पाठ आहे ना तुझा?”

आशेरने डोळे मिटले आणि येशूने सांगितलेली ती गोष्ट सुरू केली. धाकट्या मुलाने बापाकडे वाटा मागितला, उधळला, डुकरं राखली, उपाशीपोटी घराकडे निघाला. बापाने त्याला लांबूनच पाहिलं, धावत सुटला...

“धावला?” बाबांनी मध्येच विचारलं. बातमी आत्ताच कानावर आली असावी, असा चेहरा.

“धावला, बाबा.”

“एवढ्या वयाचा माणूस... धावला.” बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आशेर गोष्टीत पुढे सरकला. मेजवानी. शेतावरून आलेला थोरला भाऊ. उधळ्याला मेजवानी, म्हणून त्याचा राग. बाहेर येऊन विनवणारा बाप.

“मग थोरला आत आला, धाकट्याला त्याने पोटाशी धरलं आणि सगळे एका पंगतीला जेवायला बसले.”

“असं आहे?”

“असंच आहे.”

“उघडून बघ.”

आशेर हसला. त्याने पान काढलं, बोट ठेवलं. बोट ओळींवरून खाली आलं आणि थांबलं. त्याने पान उलटलं, परत मागे आला. पुढे दुसराच दाखला सुरू होत होता.

बाप बोलत होता. थोरला ऐकत होता. त्यापुढे काहीच नव्हतं.

नाताळात संडे स्कूलची पोरं या दाखल्याचं नाटक करायची. लहानपणी थोरला व्हायचा तो आशेरच. शेवटी तो आत यायचा, धाकट्याला मिठी मारायचा आणि टाळ्या पडायच्या. बाईंनी पोरांसाठी जोडलेला तो शेवट आशेर इतकी वर्षं शास्त्र समजून बसला होता. याच ओट्यावर त्याने हा दाखला कितीदा तरी वाचला होता, तोंडाने छापलेला आणि मनाने नाटकातला.

त्याची कानशिलं तापली.

“बाबा... तो आत गेल्याचं इथे लिहिलेलंच नाही.”

“नाही.”

आशेर पुन्हा त्या ओळींकडे वळला. या वेळी सावकाश, एकेका शब्दावर थांबत. रागावलेला मुलगा, दारातून येणारा वाद्यांचा आवाज, आणि मेजवानी सोडून बाहेर आलेला बाप...



“मग शेवटी तो गेला का आत?” आशेरने विचारलं. आवाजात तोरा उरला नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

बाबांनी मांडी पुढे सरकवली आणि कान त्याच्याकडे केला.

“काल तरी बाहेरच उभा होता. आज काय करतो बघ... वाच.”