चिमाआजीचं पान

खूप खूप जुन्या काळची गोष्ट. घरांवर अजून कौलं आली नव्हती, सगळी घरं गवतानं शाकारलेली असत. चुलीतली एक ठिणगी उडाली की आळीच्या आळी जळून जायची. म्हणून त्या राज्याच्या राजानं गावोगाव एकेक सरकारी पखाली नेमला होता. कातड्याच्या मोठ्या पिशव्यांत पाणी भरून ते रेड्यांच्या पाठीवरून आगीच्या जागी नेणं, हे त्याचं काम. त्याच्या गळ्यात एक शिंग असायचं. शिंग वाजलं की सगळ्यांनी वाट मोकळी करायची आणि ज्याला हातपाय आहेत त्यानं त्याच्या मागं धावायचं, असा राजाचा कायदा होता.

नदीकाठच्या एका गावाला हा कायदा पाठ होता. पण त्या गावाला कायद्याहून एक रीत जास्त प्यारी होती. पंगत बसली की शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही, आणि मांडलेल्या पानांमधून कुणी चालायचं नाही. रीत तशी चांगलीच. सावकाश जेवणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घाई होऊ नये म्हणून कुणा शहाण्यानं ती घातली असणार. पण चांगल्या रीतीचंही माणसं काय करून ठेवतील, सांगता येत नाही.

त्या गावच्या वतनदाराच्या मुलीचं लग्न निघालं. एवढी माणसं अंगणात मावेनात, म्हणून त्यानं पंगत भर रस्त्यावर मांडायचं ठरवलं. हा रस्ता नदीवरून थेट कुंभारआळीत जायचा. सकाळीच पखाली वतनदाराकडे गेला आणि कडेनं एक रेडा जाईल एवढी वाट ठेवा, असं त्यानं हात जोडून विनवलं. वतनदार हसला. लग्नघरी आगीचं नाव काढतोस, तुला काही पोच आहे का, असं म्हणाला. आणि पखालीच्या देखत त्यानं कडेच्या जागेतही पानांची एक ओळ मांडायला लावली.

या गोष्टीतल्या कुणाचंच नाव मी अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, त्यांनी ते कमावलेलं नाही. एकच नाव सांगते. चिमाआजी. ती गावची सुईण. पंगतीला बसणाऱ्यांपैकी निम्म्याअधिकांना या जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनं. खुद्द नवरी मुलगीही तिच्याच हातावर जन्मली होती. अशा बाईचं पान पहिल्या पंगतीत हवं. पण तिला आमंत्रण होतं शेवटच्या पंगतीचं, सगळे मानाचे जेवून गेल्यावर. तोवर रिकामं बसून काय करायचं, म्हणून ती, वाटेत भेटलेल्या पखालीला सांगून, कुंभारआळीत एका नऊ दिवसांच्या बाळंतिणीला शेक द्यायला गेली.

दुपारी चार ओळींत चारशे पानं बसली. वरणभात झाला, लाडू फिरायला लागले, आणि कुंभारआळीतून धूर दिसला.

पखाली तेव्हा नदीवरच होता. दोन्ही रेड्यांवर पाणी लादून, शिंग फुंकत तो धावत आला आणि पंगतीशी येऊन थांबला. चारशे माणसांनी ते शिंग ऐकलं होतं. एकानंही मांडी मोडली नव्हती.

"मालक, कुंभाराची बाळंतीण आत हाय, चिमाआजीबी तिथंच हाय," पखाली म्हणाला. "एक ओळ तेवढी उठवा."

वतनदार जवळ आला आणि दातओठ खात हळूच म्हणाला, "व्याही पानावर बसलेत. त्यांच्या पुढ्यातून रेडे नेतोस? नदीकडून वळसा घालून जा."

वळसा म्हणजे अर्धा कोस, तोही चढाचा. पखालीनं ओळीकडे पाहिलं. लोकांनी वतनदाराकडे पाहिलं. व्याह्यांनी आपल्या पानाकडे पाहिलं, पाहुण्यानं मध्ये कशाला बोलावं म्हणून. एक जण अर्धवट उठला, तर शेजाऱ्यानं उपरणं ओढून त्याला खाली बसवलं. दोनच घास राहिलेत, जरा थांब की, असं कुणीतरी पखालीलाच समजावलं. दोन घास! तिकडं आढं पेटलं होतं.

कायदा पखालीच्या बाजूनं होता. त्यानं पानांवरून रेडे घातले असते तर राजानं त्याची पाठ थोपटली असती. पण लहानपणापासून अंगात मुरलेली रीत त्याच्याही पायांत आडवी आली. त्यानं रेडे वळवले.

तो पोचला तेव्हा छप्पर खाली आलं होतं. चिमाआजीनं बाळंतिणीला आणि बाळाला ओल्या गोधडीत गुंडाळून मागच्या खिडकीतून बाहेर लोटलं होतं. ती दोघं वाचली. आजी आढ्याखाली राहिली. आणि इकडं पंगत रीतसर उठली, हात धुऊन झाले, विडे वाटले गेले. इथं मला दर वेळी संताप येतो, आणि तुम्हालाही यायला हवा.

राजानं आपला न्यायाधीश पाठवला. तो म्हातारा होता आणि कमी बोलायचा. त्यानं एकेकाला बोलावून विचारलं. आम्ही कुठं अडवलं, आम्ही तर जेवत होतो, असं चारशे जणांनी चारशे वेळा सांगितलं. वतनदार म्हणाला, मी उलट त्याला वाट दाखवली. शेवटी न्यायाधीशानं पखालीला विचारलं की कायदा तुझ्या हातात असताना तू वळलास कशासाठी.

"मला त्या पानांची भीड पडली, महाराज," पखाली म्हणाला. त्याच्यानं वर बघवेना.

न्यायाधीशानं वतनदाराचं वतन काढून घेतलं आणि त्याला पखालीच्या हाताखाली पाणी भरायला लावलं. मग तो बाकीच्यांकडे वळला. "दर वर्षी याच दिवशी, याच रस्त्यावर, हीच पंगत बसेल," तो म्हणाला. "मानाच्या जागी चिमाआजीचं पान मांडायचं. तुम्ही पोटभर जेवा. आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही. रीत तुमचीच आहे. फक्त दिवस मावळला की मोकळे व्हा."

जेवायची कसली शिक्षा, म्हणून काही जण मनात हसलेसुद्धा.

वर्ष झालं. पानं मांडली गेली. चिमाआजीचं पान वाढायचं काम त्या बाळंतिणीनं मागून घेतलं होतं. एक वर्षाचं पोर कडेवर घेऊन तिनं मीठ वाढलं, भात वाढला, वर तूप घातलं. नवरी मुलगी सासरहून आली आणि कुणी न सांगता पंगतीत बसली. पखालीला न्यायाधीशानं ही शिक्षा दिली नव्हती. त्यानं पाणी लादलेले रेडे मागं बांधले आणि ओळीच्या टोकाला स्वतःचं पान मांडून घेतलं.

सगळ्यांचं जेवण झालं. चिमाआजीचं होईना. उष्टे हात वाळले, ऊन डोक्यावरून कललं, उतरलं, त्या भातावर माश्या बसल्या. त्या पानाकडे बघण्यावाचून कुणाला दुसरं काही काम नव्हतं. हसणारे केव्हाच हसायचे थांबले होते.

दुसरं वर्षही तसंच गेलं. तिसऱ्या वर्षी, पंगत अशीच गप्प बसलेली असताना, कुंभारआळीवर पुन्हा धूर दिसला. पखालीनं बसल्या जागी शिंग फुंकलं. चारशे माणसं उष्ट्या हातांनी एकदम उठली. सगळ्यांच्या पुढं जुना वतनदार होता, दोन्ही रेड्यांना ओढत सरळ पानांवरून धावत. त्या धावपळीत चिमाआजीचं पानही तुडवलं गेलं. तिला त्याचं वाईट वाटलं नसतं. आग दुसऱ्या वाशाला लागायच्या आत विझली.

न्यायाधीशाला हे कळलं तेव्हा त्यानं शिक्षा उठवली. गावानं मात्र एक पंगत त्यानंतरही दर वर्षी घातली, रस्त्याच्या कडेनं, रेडा जाईल एवढी वाट सोडून. त्या पंगतीत चिमाआजीचं पान पहिलं मांडतात. जिवंतपणी ते शेवटचं होतं, हे त्या गावानं विसरू नये.

तात्पर्य : मदतीला धावणाऱ्याची वाट अडवणारा आणि ती अडलेली पाहून आपल्या पानावर बसून राहणारा, दोघंही सारखेच गुन्हेगार.