चालत्या रवीला हात

एका राज्यात, पश्चिमेच्या समुद्रकाठी, जिथे घरंच्या घरं बटाट्यावर आणि ताकावर जगत, दोनल नावाचा तरुण राजा होता. त्या राज्याची एक रीत होती. लाकडी पिंपात वर-खाली करायची दांड्याची रवी चालू असताना जो उंबरा ओलांडेल, राव असो की रंक, त्यानं रवीला हात लावायचा. तसाच गेला, तर लोणीही त्याच्या पाठोपाठ निघून जाई.

एकदा शिकारीच्या वाटेवर राजा तहानेला होऊन एका झोपडीत शिरला. रवी चालू होती. तो पाणी प्याला आणि तसाच निघाला. राजाला कोण सांगणार? त्या दिवसापासून राज्यात एकाही घरी लोणी येईना, आणि राजानं तोंडात घातलेला प्रत्येक घास पाणी होऊ लागला. वैद्य थकले, मांत्रिक हरले. राजा खंगत चालला.

मग खिडकीत एक डोमकावळा येऊन बसला आणि बोलला, "राजा, चालत्या रवीला हात लाव. पण हुकूम केलास, की फुकट. घरच्या बाईनं आपणहून म्हटलं पाहिजे."

"एवढंच ना?" राजा म्हणाला. एवढंच म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

पहिल्या घरी तो मुकुट घालून गेला. घरातले सगळे ताडकन उठून उभे राहिले आणि रवी थांबली. थांबलेल्या रवीला हात लावून काय उपयोग?

दुसऱ्या घरी फाटकी घोंगडी पांघरून गेला. तिथल्या म्हातारीनं त्याचे बसलेले गाल पाहिले, चुलीजवळ जागा दिली, गरम बटाटा सोलून हातात ठेवला.

"आधी खा, बाबा. कामाला आम्ही आहोत."

त्यानं घास घेतला. त्याचं पाणी झालं. म्हातारीची माया पाहून त्याला फार वाईट वाटलं.

तिसरं घर ऊनाचं. भुकेनं मलूल झालेली लेक तिच्या मांडीवर होती. लेकीच्या घशाखाली कोरडा बटाटा उतरत नव्हता, म्हणून लोणी येत नसतानाही ऊना रोज घुसळत होती. एका हातानं लेकीला थोपटायचं, दुसऱ्यानं रवी चालवायची. उंबऱ्यात कुणी आलं, तरी तिनं मान वर केली नाही.

"उभा काय राहिलास? हात लाव, दादा. माझा खांदा गळून आलाय."

दोनलनं दांडा धरला. तळहाताला फोड आले, तरी सोडला नाही. तेव्हा कुठे ऊनानं वर पाहिलं, चेहरा ओळखला आणि लेकीला सावरत उठू लागली.

"उठू नका, ताई," तो म्हणाला. "तुम्ही उठलात, की मी पुन्हा राजा होईन."

ऊना पुन्हा खाली बसली.

"मग जरा हळू घुसळा," ती म्हणाली. "ताक उडतंय सगळं."

त्यानं हात हळू केला. रवी जड झाली आणि दाण्यादाण्यानं लोणी वर आलं.

बटाटे टोपलीत उपसलेले होते. ऊनानं पहिला गोळा लेकीच्या बटाट्यावर ठेवला, दुसरा दोनलच्या. लेकीचा घास घशाखाली उतरला. दोनलनंही खाल्ला. घास घासच राहिला, गरम आणि पिठूळ. त्याच घटकेला राज्यातल्या घराघरांत रवी जड झाली. राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

लेक त्याच्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "ह्यांना अजून एक दे. ह्यांना खूप भूक लागलीय."